ईटी उतरत होता पण एमपीएच हलत नव्हता: एका ड्रॅग कारचं पूर्ण प्रकरण

ड्रॅग रेस म्हणजे पाव मैलाच्या (क्वार्टर माइल) सरळ ट्रॅकवरची शर्यत; ईटी म्हणजे तो पार करायला लागलेला वेळ आणि एमपीएच म्हणजे शेवटचा वेग, ताशी मैलात. आमची गाडी अख्खा एक सीझन आणि पुढचा अर्धा एकाच जागी अडकून होती, आणि आम्ही मात्र ती सुधारतेय म्हणून खुश होतो. दुखणं नेमकं इथेच होतं. या काळात आम्ही काय काय बदललं, कशावर खापर फोडलं आणि शेवटी काय निघालं ते सगळं आकड्यांसकट लिहून काढतोय, कारण तेव्हा असं लिहिलेलं कुठे वाचायला मिळालं असतं तर एक पिस्टन आणि बरेच महिने वाचले असते.

गाडीची माहिती आधी. जुनी दोन दारांची रिअर व्हील ड्राइव्ह बॉडी, त्यात शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक, ३५० घन इंचांचा ब्लॉक ०.०३० इंच बोअर करून त्यात ४०० ची ३.७५ इंच स्ट्रोकची क्रँक, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेलं ३८३. एकच मोठा चार बॅरलचा कार्ब (कार्ब्युरेटर), सिंगल प्लेन मॅनिफोल्ड, टीएच ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ट्रान्स ब्रेकसकट (सुटेपर्यंत गाडी गिअरबॉक्समधूनच जागेवर धरणारा ब्रेक), मागे नऊ इंची फोर्ड अ‍ॅक्सल, लॅडर बार (अ‍ॅक्सल चॅसिसला धरणारे दांडे) आणि २८ इंची स्लिक्स (नक्षी नसलेले रेसिंग टायर). मी आत बसल्यावर वजन १३१० किलो, म्हणजे साधारण २८९० पौंड. वजन मागे जावं म्हणून बॅटरी डिक्कीत नेली, आणि वजन कमी व्हावं म्हणून अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) काढून टाकला. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

चॅसिस, वेल्डिंग आणि मागचं सगळं दादाचं (माझा मोठा भाऊ), इंजिन आणि वायरिंग माझं, आणि चालवायचो मी.

अपेक्षा काय होती? ड्रॅगवाल्यांमध्ये एक जुनं गणित चालतं: पौंडातल्या वजनाला हॉर्सपॉवरने भागायचं, त्याचं घनमूळ काढायचं आणि ५.८२५ ने गुणायचं, की क्वार्टर माइलचा अंदाजे वेळ मिळतो. २३४ ला त्याच घनमुळाने भागलं की शेवटचा वेग मैलात. आमच्या इंजिनकडून ४३० ते ४५० हॉर्सपॉवर यायला हवी होती, म्हणजे गाडी १०.८ ते ११ सेकंदांत आणि १२४-१२६ एमपीएचने जायला हवी होती. हे गणित परफेक्ट नाही, पण गाडी चुकतेय का हे सांगायला पुरेसं आहे आणि आमच्याकडे ते पहिल्या दिवसापासून भिंतीवर लिहिलेलं होतं. तरी आम्ही त्यातला अर्धाच भाग वापरत राहिलो.

बांधकामाला दोन वर्षं लागली. त्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी अशी गाडी बांधलीय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही त्यांना एक उदाहरण पुरेल. हेडर्स, म्हणजे एक्झॉस्टचे पाइप. चार पाइप इंजिनच्या एका बाजूने खाली आणायचे, मध्ये स्टिअरिंगचा शाफ्ट, खाली क्रॉसमेंबर, बाजूला स्टार्टर, आणि प्रत्येक पाइपची लांबी जमेल तितकी सारखी. दादाने डाव्या बाजूचे हेडर्स तीनदा बनवले. पहिल्या वेळी सगळं बसलं, नंतर कळलं की एक प्लग काढायला पानाच जात नाही. दुसऱ्या वेळी प्लग निघत होते पण इंजिन टॉर्कने हललं की पाइप स्टिअरिंग शाफ्टला घासत होता. तिसऱ्या वेळी रात्री दोन वाजता तो शेवटचा टाका मारून उठला, टॉर्चने सगळीकडून बघितलं, मला म्हणाला "फिरव बघू स्टिअरिंग", मी फिरवलं, कुठेच लागलं नाही, आणि तो काही न बोलता तिथेच जमिनीवर आडवा झाला. त्या रात्रीचा आनंद मला आजही पहिल्या रनपेक्षा मोठा वाटतो.

सेफ्टीचं काम आम्हाला तेव्हा जड वाटायचं. ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ काढणाऱ्या गाडीला रोल बार लागतो, स्लिक्सवर १३.९९ पासूनच ड्राइव्हशाफ्टभोवती लूप (शाफ्ट तुटला तर त्याला धरणारं कडं) लागतो आणि तो पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटपासून सहा इंचांच्या आत हवा, बॅटरी जागेवरून हलवली तर गाडीच्या मागे बाहेरून दाबता येईल असा मास्टर स्विच लागतो आणि त्याने इंजिन आणि फ्युएल पंप दोन्ही बंद झाले पाहिजेत. प्रत्येक गोष्टीने वजन वाढतं, काम वाढतं. पण हे नियम कुणाच्या तरी हाडामांसावरून आलेत. अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या पायाखाली ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स स्ट्रिपवर ट्रान्समिशन फुटलं आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. ते वाचल्यावर दादाने लूपसाठी आणलेली पट्टी परत ठेवली आणि अजून जाड घेतली.

आता पहिला दिवस. पाच रन, सगळ्यात चांगला ११.७२ सेकंद, ११२.९ एमपीएच, साठ फुटांचा वेळ १.८६.

टाइम स्लिप कधी बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचा रिअ‍ॅक्शन टाइम वेगळा मोजतात, ईटीचं घड्याळ झाडाचा (सुरुवातीच्या दिव्यांच्या खांबाचा) हिरवा लागल्यावर सुरू होत नाही, तुमचं पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या स्टेजच्या किरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. त्यानंतर ६० फूट, ३३० फूट, ६६० फूट म्हणजे एक अष्टमांश मैल (इथे वेगही छापतात), १००० फूट (टॉप फ्युएल आणि फनी कार या सगळ्यात वेगवान वर्गांची रेस २००८ पासून याच खुणेवर संपते) आणि शेवटी १३२० फूट, म्हणजे ४०२ मीटर. म्हणजे एका कागदावर तुमच्या रनचे पाच तुकडे असतात. बहुतेक लोक दोनच आकडे बघतात, ६० फूट आणि ईटी. आम्हीही तेच करायचो.

१.८६ बघून सगळे म्हणाले, सुटतच नाहीये गाडी. खरंच होतं. ब्रेक सोडला की मागची चाकं थडथड उड्या मारायची, नाक उजवीकडे जायचं, मला हँडल सरळ करावं लागायचं आणि तोवर वेळ गेलेला असायचा. मग तो पूर्ण सीझन आम्ही मागच्या बाजूला घालवला. लॅडर बार बसवलेले ब्रॅकेट एका बाजूला दोन मिलिमीटर पुढे होते, ते कापून परत लावले. मागचे शॉक बदलले. उजव्या बाजूचा प्रीलोड (लॅडर बारवर आधीच दिलेला ताण) अर्ध्या अर्ध्या फेरीने वाढवत गेलो जोवर गाडी सरळ सुटत नाही. टायरची हवा १६ पीएसआयपासून उतरवत १२.५ वर आणली, बर्नआउट (रनआधी चाकं जागीच फिरवून टायर तापवणं) छोटा केला. हे सगळं काम बरोबर होतं आणि ते करताना मजा पण खूप आली, कारण प्रत्येक बदलाचं उत्तर त्याच दिवशी कागदावर मिळत होतं. १.८६ चा १.७४ झाला, मग १.६६, १.६०, आणि सीझनच्या शेवटी १.५४. पुढची चाकं जमिनीवरून वीतभर उचलली जायला लागली. तो फोटो आमच्या घरात लावलेला आहे.

आणि ईटी? ११.७२ वरून ११.१८. अर्ध्या सेकंदाहून जास्त. आम्ही हवेत होतो. पुढच्या सीझनमध्ये दहा-अमुक येणार याबद्दल मनात शंका नव्हती.

फक्त एक गोष्ट मला आत बसून जाणवत होती. तिसरा गिअर पडला की गाडी सुरुवातीला ओढायची, मग जणू कुणी मागून शर्ट धरल्यासारखं व्हायचं. मिसिंग नाही, फटाके नाहीत, धक्का नाही, फक्त ओढ संपायची. दादाला सांगितलं तर तो म्हणाला तू ज्या वेगात आहेस तिथे हवाच एवढी अडवते, तसंच वाटणार. मलाही पटलं. कारण मी आधी कधी एवढ्या वेगात गेलोच नव्हतो, तुलना कशाशी करणार?

पुढच्या सीझनच्या पहिल्या दोन वेळी ६० फूट १.५३, १.५४ वर थांबला आणि ईटी पण ११.१८ ते ११.२२ मध्ये थांबला. आता खरा वैताग सुरू झाला. कारण मागच्या बाजूने आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पहिला संशय व्हॉल्व्ह स्प्रिंगवर. वरच्या आरपीएमला ओढ संपते म्हणजे व्हॉल्व्ह तरंगत असतील, हे तर्काला धरून होतं, म्हणून जास्त ताकदीच्या स्प्रिंग घातल्या. फरक शून्य. मग टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) वरच्या आरपीएमला घसरतोय का म्हणून काढला, तपासून घेतला, ठीक होता. मग ठिणगीचं टायमिंग ३६ डिग्रीवरून ३४, परत ३६, मग ३७. मग कार्ब. प्लग काढून बघितले तर रंग विचित्र, चिनी मातीचा वरचा भाग पांढरट आणि खाली मुळाशी काळसर. कुणी म्हणालं लीन (पेट्रोल कमी) चाललंय, कुणी म्हणालं रिच (पेट्रोल जास्त). आम्ही जेट (कार्बमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) दोन नंबर वाढवले, काही नाही. अजून दोन वाढवले, तर शेवटचा वेग उलट अर्धा मैल कमी झाला. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. आज लागतो, आणि तो खाली येईलच.

मग सात नंबरचा सिलिंडर गेला. तिसरा गिअर पडला, ओढ नेहमीसारखी संपली आणि मागे निळा धूर. पिटमध्ये प्लग काढला तर त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चकाकणारे दाणे, मिरपूड टाकल्यासारखे. इंजिन खोललं, सातव्या पिस्टनचा कडेचा भाग वितळून रिंगपर्यंत गेलेला.

आणि इथे आम्ही परत चुकलो, कारण आम्हाला एक तयार उत्तर मिळालं. या इंजिनचा फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ आहे. पाच आणि सात शेजारी शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात, त्यामुळे सात नंबर तापतो, हे सगळ्यांना माहीत असलेलं आहे आणि खरंही आहे. पिटमध्ये जो येईल तो हेच म्हणायचा, "सातच ना? तो जातोच." म्हणून आम्ही सातपुरता विचार केला. प्लगची थंड रेंज घेतली, त्या वायरी लांब ठेवल्या. तो गाडीतला सगळ्यात कमकुवत सिलिंडर होता म्हणून पहिला गेला, पण बाकीचे सात पण त्याच वाटेवर होते का, हे विचारलंच नाही. बाकीचे पिस्टन टेबलावर ठेवलेले होते, नीट बघितलं असतं तर तीन आणि पाचवर पण कडेला करडे खड्डे पडायला सुरुवात झालेली दिसली असती. आम्ही ते नंतर बघितले.

तो काळ वाईट होता. इंजिन तुकड्यांत, सीझनचा मधला भाग वाया, आणि दादा आणि मी एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होतो. त्याचं म्हणणं होतं की इंजिन माझं काम आहे आणि मी अंदाजाने पार्ट बदलतोय. बरोबर होतं ते. मला ते ऐकून घ्यायला आठवडा लागला.

त्या आठवड्यात मी गार्लिट्सच्या पुढच्या गाडीबद्दल वाचत होतो. अपघातानंतर त्याने इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेलं, आणि ती नवीन गाडी सुरुवातीला सरळच जाईना. मागे इंजिन असलेली ड्रॅगस्टर (फक्त ड्रॅग रेससाठी बांधलेली लांबट गाडी) चालतच नाही असं लोक आधीपासून म्हणतच होते. शेवटी निघालं काय, तर स्टिअरिंगचा रेशो फार तेज होता. तो मंद केला आणि गाडी सरळ जायला लागली, १९७१ ची विंटरनॅशनल्स ही मोठी रेस त्या गाडीने जिंकली, आणि काही वर्षांत पुढे इंजिन असलेल्या ड्रॅगस्टर संपल्या. माझ्या डोक्यात त्यातलं एवढंच राहिलं की सगळी गाडी बरोबर असू शकते आणि एका ठिकाणी चूक असू शकते, आणि ते ठिकाण सगळे जिथे बघतायत तिथे नसू शकतं.

मग मी पार्ट मागवायचं थांबवलं आणि जुन्या स्लिप काढल्या. सगळ्या ठेवल्या होत्या, एका डब्यात, सत्तेचाळीस. कुठल्या दिवशी कुठले जेट होते ते लावून बघायचं म्हणून सगळे आकडे कॉम्प्युटरवर तक्त्यात भरले आणि ईटीप्रमाणे चढत्या क्रमाने लावले. ११.१८ वरती, पहिल्या दिवसाचा ११.७२ पार खाली. शेजारच्या रकान्यात शेवटचा वेग. वरपासून खालपर्यंत: ११२.६, ११३.०, ११२.४, ११२.८, ११२.९...

पहिल्या दिवशीच्या त्या घाण रनचा आणि पुढची चाकं उचलणाऱ्या आमच्या बेस्ट रनचा शेवटचा वेग सारखाच.

मी बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसलो. ईटी सुटण्यावर खूप अवलंबून असतो, पहिल्या ६० फुटांत दशांश सेकंद वाचला तर शेवटी साधारण दीड दशांश वाचतो. शेवटचा वेग मात्र सुटण्याने फार हलत नाही, तो सांगतो ताकद किती आहे ते. आमचा सगळा अर्धा सेकंद सुटण्यातून आला होता. स्प्रिंग, टायमिंग, जेट, कन्व्हर्टर, यातल्या कशानेही गाडीची ताकद एका घोड्यानेही वाढली नव्हती. ११२.६ चं गणित उलटं केलं तर ३२५ च्या आसपास हॉर्सपॉवर येत होती. शंभर घोडे कुठेतरी गळत होते, पहिल्या दिवसापासून.

दादाला उठवलं. त्याने तक्ता बघितला आणि म्हणाला, "अर्ध्यावरचा वेग काय आहे?" हा प्रश्न मला सुचला नव्हता.

बेस्ट रनच्या स्लिपवर ६६० फुटांना ६.९७ सेकंद आणि ९७.८ एमपीएच. अर्ध्यावरच्या वेगाला साधारण सव्वाने गुणलं की शेवटचा वेग येतो, म्हणजे १२२ च्या आसपास यायला हवा होता. आला ११२.६. म्हणजे गाडी पहिल्या ६६० फुटांत जवळपास पूर्ण ताकदीची होती आणि दुसऱ्या ६६० मध्ये मरत होती. सातही बघितल्या, दहाही बघितल्या, सगळ्या स्लिप तशाच. स्प्रिंग किंवा टायमिंगचं दुखणं असतं तर ते पहिल्या आणि दुसऱ्या गिअरलाही वरच्या आरपीएमला दिसलं असतं, कारण आरपीएम तिथेही तेवढाच जातो. हे दुखणं आरपीएमचं नव्हतं, वेळेचं होतं. सहा-सात सेकंद फुल थ्रॉटल झाल्यावर काहीतरी संपत होतं.

वेळेनुसार संपणारी गोष्ट गाडीत एकच, पेट्रोल.

टाकीतलं नाही, कार्बच्या बाऊलमधलं, म्हणजे कार्बमधल्या छोट्या साठ्यातलं. एवढं इंजिन फुल थ्रॉटलला सेकंदाला साधारण ३५ मिली पेट्रोल पितं. सुटताना दोन्ही बाऊल भरलेले असतात, तो साठा आणि पंप जे थोडंफार पाठवतोय ते मिळून पहिला अर्धा ट्रॅक निघतो, आणि मग पंपाची मागणीशी बरोबरी होत नसेल तर बाऊल रिकामे व्हायला लागतात. म्हणूनच मोठे जेट घातल्यावर वेग कमी झाला होता, आम्ही बाऊल अजून लवकर रिकामा करत होतो. म्हणूनच प्लगचा रंग दोन तऱ्हेचा होता, पहिला अर्धा रन रिच आणि दुसरा लीन, एकाच प्लगवर. आणि म्हणूनच सात नंबर वितळला.

पण पंपाची टेस्ट आम्ही केली होती. बांधतानाच. कार्बजवळचा पाइप काढून डब्यात सोडला, घड्याळ लावून मोजलं, हवं त्याच्या दीडपट पेट्रोल आलं होतं. गेजवर ७ पीएसआय, नेहमी. सुटायच्या आधी ७, रन संपवून परत येताना ७.

रनच्या मधे किती, ते कुणीच बघितलं नव्हतं. पेट्रोलचा पाइप केबिनमध्ये आणायला बंदी असल्याने आमचा गेज बॉनेटच्या मागच्या कडेला काचेबाहेर होता, आणि शंभराच्या पुढे गेल्यावर माझी नजर ट्रॅकवरून हलत नाही आणि हलूही नये. इंजिन परत बांधून झाल्यावर आम्ही गेजसमोर एक छोटा कॅमेरा पक्का लावला आणि एकच रन केला, मी अर्ध्या ट्रॅकनंतर पाय काढला.

पिटमध्ये दोघं डोकं जोडून तो व्हिडिओ बघत होतो. स्टेजमध्ये ७. ट्रान्स ब्रेकवर ७. सुटल्यावर काटा एकदम ५ वर, ते समजण्यासारखं होतं कारण पेट्रोल मागून पुढे ढकलायचंय आणि गाडी सुटताना दीड जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट) आसपास असते, दर मीटर पाइपमागे एका जीला साधारण एक पीएसआय तिथेच जातो. पण नंतर गाडीचा जोर कमी होतो तसा काटा वर यायला हवा. तो नाही आला. दुसऱ्या गिअरला ४. तिसरा पडला, ३. मग २. मग मी पाय काढला आणि दोन सेकंदांत काटा निवांत चढत परत ७ वर. दादाने व्हिडिओ मागे घेतला आणि परत लावला. आम्ही तो बहुतेक वीस वेळा बघितला असेल. वाईट बातमी होती खरं तर, पण एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा दुखणं डोळ्यांना दिसत होतं आणि दोघंही हसत होतो.

पंप नवा होता, फिल्टर साफ होता, पाइप पुरेसा जाड होता, टाकीचा व्हेंट उघडा होता. राहिली वीज. पंपाच्या कनेक्शनवर मल्टिमीटर लावला, १२.४ व्होल्ट. छान. पण पंपाची वायर काढून मोजलं होतं मी, लोड नसताना, आणि लोड नसताना गंजलेली वायर पण १२.४ दाखवते. परत जोडलं, पंप, फॅन, वॉटर पंप, इग्निशन सगळं चालू ठेवून मोजलं. ९.८.

मग एक एक तुकडा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं पंपाच्या प्लसला: ०.८ व्होल्ट वाटेत जातायत, कारण मी वायर बारीक वापरली होती आणि ती पुढे डॅशच्या स्विचपर्यंत जाऊन परत मागे येत होती. मग बॅटरीचा मायनस आणि पंपाची बॉडी: १.६ व्होल्ट.

अर्थ. डिक्कीत पंपाच्या शेजारी, दादाने बनवलेल्या ब्रॅकेटवर एक बोल्ट, त्याखाली अर्थची वायर. तेराचा पाना लावून खोलला. बोल्टखाली ब्रॅकेटचा काळा रंग जवळपास जसाच्या तसा होता, सुंदर, चकचकीत, आम्ही दोघांनी मिळून मारलेला. वॉशरने एका कडेला नखाएवढा रंग खरवडला होता आणि तिथे धातू दिसत होता, भोवती तपकिरी जळका डाग. पंपाचा सगळा करंट तेवढ्या जागेतून जात होता, आणि आटे जिथे कसेबसे टेकत होते तिथून.

डब्याच्या टेस्टमध्ये हे का नाही सापडलं? कारण तेव्हा बॅटरीला चार्जर लावलेला होता, १४ व्होल्ट, आणि बाकीचं काहीच चालू नव्हतं. शिवाय ट्रॅकवर अल्टरनेटर नाही, बॅटरी लाइनमध्ये उभं राहूनच थोडी उतरलेली असते. प्रत्येक गोष्ट एकट्याने चालून गेली असती. रंग, बारीक वायर, नसलेला अल्टरनेटर, तिन्ही एकत्र आल्यावर पंपाला साडेनऊ-दहा व्होल्टच मिळत होते, आणि इलेक्ट्रिक पंपाचा प्रवाह व्होल्टेजबरोबर फार पटकन पडतो.

दुरुस्ती एका दुपारची. जाड केबल सरळ बॅटरीच्या मायनसपासून पंपापर्यंत, चॅसिसवर अवलंबूनच राहायचं नाही. प्लसच्या बाजूला डिक्कीतच रिले आणि जाड वायर, डॅशचा स्विच आता फक्त रिले ओढतो, आणि सगळं मास्टर स्विचमधूनच. ब्रॅकेट पांढरा होईपर्यंत घासला. परत मोजलं, दोन्ही बाजू मिळून ०.२.

पुढच्या वेळी पहिला रन ११.०३, ११९ एमपीएच, आणि शेवटी मागे काळा धूर. क्षणभर पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, पेट्रोल आता पोचतंय आणि जेट अजून चार नंबर मोठे आहेत. पिटमध्येच जुने जेट परत घातले. दुसऱ्या रनला मी ठरवल्याप्रमाणे फिनिश लाइनवर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये घरंगळत बाहेर आलो, म्हणजे प्लगवर परतीच्या रस्त्याचा रंग चढू नये.

तो रन मला नीट आठवतो. पहिला, दुसरा गिअर नेहमीसारखे. तिसरा पडला आणि मी सवयीने ती मागून धरल्यासारखी जाणीव व्हायची वाट बघत होतो, आणि ती झालीच नाही. गाडी ओढत राहिली. आवाज चढत राहिला. फिनिशच्या खुणा आधी कधी यायच्या त्याच्या आधी आल्या, आणि मी हेल्मेटमध्ये ओरडत होतो हे मला इंजिन बंद केल्यावर कळलं, कारण तेव्हा माझाच आवाज ऐकू आला.

स्लिप: ६० फूट १.५२, अर्ध्यावर ६.९० आणि ९९.६, शेवटी १०.८८ आणि १२३.८.

दादा स्लिप घेऊन चालत येत होता, पळत नव्हता. माझ्याजवळ येऊन आधी ईटी नाही, बोट शेवटच्या वेगावर ठेवून दाखवला. आठही प्लग एकसारखे, फिकट बदामी.

त्यानंतरचे दोन रन १०.८९ आणि १०.८७. गाडी एवढी एकसारखी चालायला लागल्यावर आम्ही पहिल्यांदा ब्रॅकेट रेसमध्ये नाव दिलं, तिथे तुम्ही आपला वेळ आधी सांगायचा असतो आणि त्याहून वेगात गेलात तर बाद. दादाने काचेवर पांढऱ्या रंगाने १०.८७ लिहिलं, मागे सरकून बघितलं, आणि शून्य थोडं वाकडं आलं म्हणून पुसून परत लिहिलं.

तक्त्यात आता दोन रकाने वाढलेत, अर्ध्यावरच्या वेगाचा आणि प्रत्येक रनमधल्या सगळ्यात कमी पीएसआयचा. कॅमेरा गेजसमोर तसाच आहे. शेवटच्या रनला काटा सुटताना ५.५ पर्यंत गेला, दुसऱ्या गिअरमध्ये ६ वर आला आणि फिनिशपर्यंत ६.५ वर होता. दादाचं म्हणणं आहे की टाकीपासून पंपापर्यंतचा तुकडा एक साइज मोठा केला तर ७ वर राहील, आणि त्याने परवाच गाडी जॅकवर घेऊन माप काढून ठेवलंय.